बिनढाळाचा कोबा

माझा मामा कुणाच्याही घरी गेला की आधी जमिनीकडे बघतो आणि मग माणसांकडे. जमीन बरी निघाली तर माणसंही बरी. वाईट निघाली तर चहाचा कप हातात धरून तो सगळा वेळ एका कोपऱ्याकडे डोळे लावून बसतो आणि घरच्यांना वाटतं, तिथे पाल आहे. मामी त्याला कोपराने ढोसते. तो म्हणतो, अगं, पाणी थांबत असणार बघ तिथे.

मामा कोबेवाला. म्हणजे सिमेंट-काँक्रीटची जमीन घालणारा. भिंती बांधणारे गवंडी आमच्याकडे पैशाला पासरी, पण गोदाम असो, गिरणी असो की दवाखाना, जमिनीचं काम निघालं की लोक मामाचं घर शोधत येत. त्याला सगळे मामाच म्हणतात. सिमेंटच्या दुकानातला म्हातारा, जो वयाने त्याचा बाप शोभेल, तोही मामाच म्हणतो.

या मामाचा सगळा जीव ढाळात. ढाळ म्हणजे जमिनीला दिलेला किंचितसा उतार. तो डोळ्याला दिसत नाही, पायाला कळत नाही, पण पाण्याला बरोबर कळतो. जमिनीच्या कुठल्याही कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता, ते गुपचूप उठून सांडपाण्याच्या जाळीकडे चालू लागलं पाहिजे. बाकीचे लोक यासाठी दोऱ्या बांधतात, पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, लावतात, खुणा करतात. मामा गुडघ्यावर बसून थापी फिरवतो आणि झालं. ढाळ माझ्या हातातच आहे, असं तो म्हणायचा. ही बढाई नव्हती असं लिहिणार होते, पण होतीच. विनय नावाच्या पाहुण्याला मामाने कधी घरात घेतलं नाही.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण त्याच्यासमोर काढायची सोय नाही. तो लगेच सरसावून बसतो. म्हणतो, अंगण वाकडंच असावं लागतं, नाहीतर पाणी कुठे जाणार? नाचणाऱ्याने आपलं आपण बघावं.

स्वतःच्या घरी तर त्याने हात अगदी मोकळा सोडलेला. मामीच्या स्वयंपाकघरात ओट्यावरून लिंबू पडलं तर ते शोधायचं नसतं. सरळ जाळीपाशी जायचं, लिंबू तिथे आलेलं असतं. मामी पहिली काही वर्षं चिडली, मग तिने भांडण सोडून दिलं आणि जाळीपाशी एक टोपली ठेवली.

मी भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा मामाला बरोबर नेलं, ही माझीच चूक. घरमालक खिडक्या दाखवत होता, वारा कसा येतो ते सांगत होता. मामा न्हाणीघरात शिरला, बादली उपडी केली आणि बाहेर येऊन जाहीर केलं की या घरात पाणी दाराकडे येतं, हे घर घ्यायचं नाही. मी ते घर घेतलं. रोज अंघोळीनंतर अर्धं न्हाणीघर पुसते. मामाला हे आजतागायत सांगितलेलं नाही. तो आला की आधीच पुसून ठेवते.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं.

आमचं गॅरेज बाबांच्या जुन्या घरासमोरच, गल्लीच्या पलीकडे. बाबांनी काढलेलं. बाबा गेल्यावर पुढचं काउंटर मी धरलं. ऑइल, प्लग, पट्टे विकायचे आणि गिऱ्हाइकांच्या थापा ऐकून घ्यायच्या. मागचं सगळं दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं. गॅरेजच्या मधोमध एक लांबट खोल खड्डा होता. गाडी वर उभी करायची आणि माणसाने खड्ड्यात उतरून खालून काम करायचं. बाबांचं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं, मग दादाचं निम्मं. तिथला कोबा अर्थात मामाचाच. लहानपणी दादा बेअरिंगची चाकं लावलेल्या फळीवर बसून खड्ड्याच्या कडेने मागच्या भिंतीपासून निघायचा आणि हात-पाय न लावता दारापर्यंत पोचायचा. मामा दारात उभा राहून त्याला पकडायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, बघा, याला म्हणतात ढाळ.

मग दादाची मोटरसायकल एका वळणावर घसरली. जीव वाचला, हात शाबूत राहिले, पाय कमरेपासून गेले. एवढंच सांगते, जास्त सांगायला मला आवडत नाही.

दादा चाकांच्या खुर्चीत आला आणि घरातल्या पुढच्या खिडकीत बसू लागला. समोर गॅरेज. मी दोन मेकॅनिक ठेवून बघितले. एकाला बोलण्याची आवड होती, कामाची नव्हती. दुसऱ्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा भोंगा असा दुरुस्त केला की डावीकडे वळलं की तो आपोआप वाजायचा. दादा खिडकीतून नुसता आवाज ऐकून सांगायचा काय बिघडलंय ते, आणि ते बरोबर निघायचं. पण नुसतं सांगून हातांचं समाधान होत नाही. संध्याकाळी तो हात मांडीवर ठेवून बसायचा, आणि त्या हातांना काळं लागलेलं नसायचं. मला ते बघवायचं नाही.

त्यात गादीवाला. गल्लीच्या टोकाला त्याचं गाद्यांचं दुकान, आणि त्याला आमची जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता. पण तो येऊन माझ्यादेखत पावलं टाकत जागा मोजायचा आणि उशा कुठे रचायच्या ते ठरवायचा. दादा म्हणाला, देऊन टाक. मी म्हटलं, बघू.

माझ्या ‘बघू’चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे. मी शोधाशोध केली आणि मला ती लिफ्ट सापडली. नेहमीची गाडी उचलायची लिफ्ट जमिनीवर उभी असते. तिचे खांब, तिचे पाय, सगळं चाकांच्या वाटेत. ही मात्र जमिनीत पुरलेली. एक मोठी लोखंडी पेटी खाली खड्ड्यात, तिच्यातून दोन जाड दांडे वर येतात आणि गाडी उचलून धरतात. दांड्यांभोवती जमीन पोलादी पत्र्याने बंद. वर काही नाही, अडथळा नाही, उंबरठा नाही. गाडीचं चाक बसलेल्या माणसाच्या छातीशी आणून ठेवायचं. दादा खुर्चीतून कुठूनही कुठेही जाऊ शकेल. त्याला खड्ड्यात उतरता येत नव्हतं, तर खड्ड्यात यंत्र उतरेल, एवढा साधा हिशेब.

दादाने चित्र बराच वेळ बघितलं. वहिनी त्याच्यामागे उभी होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायची तिला तेव्हा सवयच झाली होती.

“मी येतो,” दादा म्हणाला. “पण माझी खुर्ची कुणी धरायची नाही. आत जाताना नाही, काम करताना नाही. जिथे मला कुणीतरी धरून ठेवावं लागतं तिथे मी कामाला जाणार नाही. तसं झालं तर चावी गादीवाल्याला.”

वहिनीने हात काढून घेतला. त्या दिवसापासून तिला हात कुठे ठेवायचा ते कळेना. कधी कमरेवर, कधी पदराशी. पण खुर्चीवर नाही.

मी मामाला निरोप धाडला. गुडघ्यांमुळे त्याने मोठी कामं सोडली होती, रोज सकाळी फिरायला जायचा आणि लोकांच्या अंगणांना नावं ठेवून परत यायचा. निरोप पुरता ऐकायच्या आत तो दोन गडी आणि थापी घेऊन हजर झाला. मागून मामी, डबा आणि गुडघ्याचं तेल घेऊन.

काम मात्र बघण्यासारखं झालं, हे त्याच्या वैऱ्यानेही मान्य करावं. जुना कोबा कटरने कापून काढला. धुळीने आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. खड्डा रुंद केला, आणखी खोल खणला. तळाशी जुन्या ऑइलने भिजलेली माती होती ती सगळी उपसून फेकली. गडी म्हणाले, वरूनच काँक्रीट टाकू. मामाने त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत खाली उतरले. मग खडीचा थर, त्यावर धुमसाने ठोकणं, पुन्हा थर, पुन्हा ठोकणं. मामा खड्ड्याच्या काठावर डबा उपडा घालून बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा की डावा कोपरा अजून पोकळ बोलतोय. तळाचं काँक्रीट झालं, सळयांची जाळी झाली, भिंतीपर्यंत नळ्या गेल्या, एक तेलाच्या पाइपला, एक तारेला.

लोखंडी पेटी खाली सोडली त्या दिवशी मामा जेवला नाही. पेटी सुताच्या फरकानेही कलली तर दांडे तिरके उठणार. आणि रिकाम्या पेटीभोवती ओलं काँक्रीट ओतलं की ती पाण्यातल्या बादलीसारखी वर येऊ बघते. मामाने तिच्यात वाळूची पोती ठासली आणि थराथराने, सगळ्या बाजूंनी सारखं भरत नेलं. गड्यांनी घाई केली की तो म्हणायचा, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, आणि इथे तर गुडघे माझे आहेत.

लिफ्टच्या कंपनीने नकाशा पाठवला होता. खड्ड्यापुरता मामाने तो तंतोतंत पाळला. पण त्यात असंही होतं की पेटीच्या काठापासून चारी बाजूंची जमीन एका पातळीत हवी. मी ते त्याला वाचून दाखवलं. मामाने चष्मा काढला. नकाशा काढणाऱ्याने कधी जमीन धुतलेली नाही, असं त्याचं मत पडलं. पाणी यंत्राच्या पेटीत गेलं तर? मागच्या भिंतीशी त्याने नवी जाळी बसवली होती, तिकडे थोडा ढाळ दिलाच पाहिजे. यंत्राचं यंत्रापाशी, कोबा माझा. मी नाही म्हटलं नाही, कारण म्हणणं पटण्यासारखं होतं. पेटीत पाणी नको, हे तर मलाही कळत होतं.

दादाला तो आत येऊ देईना. चाकं उमटतील म्हणायचा. ओल्या कोब्यावर पाहुणा नको, हा त्याचा जुना नियम. दादा खिडकीतून विचारायचा, मामा, कुठवर आलंय? मामा म्हणायचा, तुझ्या लग्नाला लागला होता त्याहून कमी वेळ लागेल. मामी सकाळ-संध्याकाळ येऊन गोणपाटावर पाणी मारायची. कोबा हळूहळू पिकतो, त्याला घाई चालत नाही. गादीवालाही येऊन बघून जायचा. एकदा वाकून कोबा चाचपून म्हणाला की गाद्यांना छान कोरडी जागा झाली. मामीच्या हातातला पाण्याचा पाइप तेव्हा नेमका त्याच्या बुटांकडे वळला.

लिफ्टवाला आला, त्याने यंत्र पेटीत बसवलं, पत्रे बंद केले, कळ दाबली. बेकरीवाल्याची जुनी व्हॅन, जी आमच्याकडे येता येता दोनदा बंद पडली होती, ती सावकाश वर गेली आणि लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली. लिफ्टवाल्याने माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि मामाशी हात मिळवला. ढाळही बघितला. पाणी पेटीपासून लांब जातंय, यंत्राला उत्तमच, म्हणाला. मामाने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड फिरवून प्लगची खोकी रचू लागले.

मग दादा आला. गल्ली ओलांडून, एकटा, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत. आम्ही सगळे दारात दोन्हीकडे उभे, आणि कुणालाही हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. तो आत आला. चाकांना कुठे गचका बसला नाही, पोलादी पत्र्यावरून जाताना टक् असासुद्धा आवाज नाही. सरळ व्हॅनच्या पुढच्या चाकाखाली गेला. वर बघितलं. पान्हा घेतला, बोल्टला लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला.

खुर्ची मागे सरकली.

थोडीशीच. त्याने चाकं फिरवून पुन्हा पुढे आणली, पुन्हा पान्हा लावला. पुन्हा मागे. ब्रेक लावला. आता खुर्ची थांबली, पण पुढचा बोल्ट वीतभर पलीकडे. ब्रेक काढ, सरक, ब्रेक लाव, तोवर पान्हा निसटलेला. मेकॅनिकचं काम असं वीत-वीत सरकतच करावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या बोल्टला त्याने ब्रेक न लावताच जोर दिला आणि खुर्ची त्याला घेऊन सरळ मागे निघाली, जाळीकडे. मागे मामा उभा होता. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची पकडली.

लहानपणी पकडायचा तशीच. विचारच केला नाही त्याने.

दादाने मान वळवून त्या दोन हातांकडे बघितलं. पान्हा पुसून जागेवर ठेवला, मामाला हलक्या हाताने बाजूला केलं आणि घरी निघून गेला. वहिनी त्याच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून गेली. संध्याकाळी त्याने मला गादीवाल्याला बोलवायला सांगितलं. आवाज चढवला असता तर मी भांडले असते. पण तो शांतपणे म्हणाला, आणि मला खूप रडू आलं, ते मी काउंटरमागे जाऊन रडून घेतलं.

सकाळी गॅरेज उघडायला गेले तर मामा पायरीवर. रात्री झोपला नसावा. दवाखान्यातून पहिल्यांदा आणलेली जुनी खुर्ची माळ्यावर होती, ती त्याने मागितली. कशाला, ते सांगेना. मी काढून दिली. मामा तीत बसला, धडपडत व्हॅनखाली गेला, पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीवर ठेवले आणि दोन्ही हात वर करून बोल्टला धरल्यासारखे केले. खुर्ची निघाली. मागे मागे जात जाळीपाशी भिंतीला टेकली. मामा परत गेला. या वेळी दुसऱ्या बाजूने. पुन्हा जाळी. उजवीकडून, डावीकडून, दाराजवळून. कुठूनही हात सोडले की कोबा त्याला उचलून जाळीपाशी आणून ठेवायचा. कुठे चुकलं नाही, कुठे अडखळलं नाही. आयुष्यात त्याने घातलेला हा सगळ्यात नेमका ढाळ असेल.

मामी डबा घेऊन येत होती. दारात थांबून तिने हे बघितलं. आधी तिला हसू फुटलं. साठीचा नवरा चाकांच्या खुर्चीत उलटा घसरतोय म्हटल्यावर कुणालाही फुटेल. मग तिचं हसू गेलं.

“पाण्याला वाट काढून दिलीत,” ती म्हणाली, “पोराला थांबायला जागाच ठेवली नाहीत.”

मामा भिंतीला टेकून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, “हातच तसा आहे गं.” मी त्याला इतक्या लहान आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर त्याने छिन्नी मागितली.

आम्ही सगळ्यांनी विरोध केला. मीसुद्धा. इतका सुंदर कोबा फोडायचा? लिफ्टवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, यंत्राला काही त्रास नाही, राहू द्या. पण मामाचं एकच, यंत्राला विचारलंच नाहीये. गड्यांनी दाराकडून ब्रेकर चालवला. पेटीच्या कडेने मात्र मामाने कुणाला हात लावू दिला नाही. तिथला वरचा थर त्याने स्वतः छिन्नीने एकेक खपली करून काढला, गुडघ्याखाली उशी घेऊन. उशी गादीवाल्याने आणून दिली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

खिडकीतून दादाने विचारलं, मामा काय फोडतोय? मी सांगितलं, कोबा. का? मी म्हटलं, त्यालाच विचार. दादाने विचारलं नाही, पण त्या दिवसापासून गादीवाल्याचंही नाव काढलं नाही.

फोडणं सोपं, घालणं कठीण निघालं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मामाने पहिल्या पट्ट्यात थापी फिरवली, पाणसळ लावून बघितली, आणि बुडबुडा जाळीपासून लांब सरकलेला. पुसलं, पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. त्याचा हात आपणहून खाली दबायचा, जिथे जाळी होती त्या बाजूला. शेवटी त्याने जाळीच बुजवून टाकली. म्हणाला, समोर ती दिसते तोवर हात ऐकणार नाही. मी विचारलं, मग पाणी? गाड्या बाहेर अंगणात धुवायच्या, मामा म्हणाला. आणि आत सांडलं तर?

“पुसायचं,” मामा म्हणाला.

मामीने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यांच्या लग्नात हा शब्द त्याच्या तोंडून कधी आला नव्हता.

मग नवशिका करेल तसं त्याने केलं. चारी भिंतींवर पाण्याच्या नळीने पातळी घेतली, दोऱ्या ताणल्या, वीतभरावर खुणा केल्या, पट्टी फिरवली, प्रत्येक हाताला पाणसळ लावली. गड्यांच्या देखत. ज्या गोष्टी करणाऱ्यांना तो जन्मभर हसला, त्या सगळ्या केल्या. चुकलं तिथे स्वतःलाच दोन शिव्या घालायचा आणि पुन्हा पुसायचा. कोबा वाळला, मामीने पाणी मारून पिकवला. शेवटी तिने स्वयंपाकघरातून एक लिंबू आणलं आणि पेटीच्या काठाजवळ ठेवलं. लिंबू बसून राहिलं. ती दार, भिंत, कोपरा असं फिरत प्रत्येक ठिकाणी ठेवत गेली. ते कुठेच जाईना. मामा पाठ फिरवून उभा होता, बघत नसल्यासारखा. मामी म्हणाली, नालायक लिंबू आहे, जागचं हलत नाही. तेव्हा कुठे मामा वळला.

तो गल्ली ओलांडून खिडकीपाशी गेला. समजूत घालणं त्याला कधी जमलं नाही.

“कोबा झालाय,” तो दादाला म्हणाला. “बघून जा. नाही आवडला तर घाल गाद्या.”

दादा आला. या वेळी आम्ही दारात रांग केली नाही. मी काउंटरवर बसून राहिले आणि एकच बिल उलटसुलट बघत होते. वहिनी शाळेत शिकवते, तिला सुट्टी घेऊ नकोस म्हटलं होतं, तरी ती आली आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसली. हात मांडीखाली दाबून.

बेकरीवाल्याची व्हॅन पुन्हा लिफ्टवर होती. दादा तिच्याखाली गेला. पान्हा लावला. दोन्ही हातांनी जोर दिला. बोल्ट करकरला, सुटला, आणि खुर्ची जिथल्या तिथे होती. त्याने पान्हा खाली ठेवला, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडले आणि नुसता बसून राहिला. कशालाही न धरता. किती वेळ, मला माहीत नाही, मला तर खूप वाटला. मग वीतभर सरकला आणि पुढचा बोल्ट घेतला. वहिनीने मांडीखालचे हात काढले आणि चेहऱ्यावर घेतले.

दुपारपर्यंत दादाच्या कोपरापर्यंत काळं लागलं होतं आणि तो मला, म्हणजे मोठ्या बहिणीच्या तोऱ्याने वागणाऱ्या धाकट्या बहिणीला, चुकीचं बेअरिंग काढून दिल्याबद्दल बोलत होता. इतकं बरं मला कुणाचं बोलणं ऐकून वाटलेलं नाही. मामा पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

दादाने पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तेलकट हातातून तो निसटला आणि पाणी खुर्चीच्या चाकाशी सांडलं. ते कुठेही गेलं नाही. मोठ्या ताटाएवढं पसरलं आणि तिथेच राहिलं, वरच्या दिव्यासकट.

मामा उठला. सवयीने त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःच्या कोब्यावर पाणी उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. तो त्या पाण्यापाशी येऊन थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला. दादाने पान्हा न सोडता खाली बघितलं.

“मामा, पाणी थांबलंय,” दादा म्हणाला.

“थांबू दे,” मामा म्हणाला.

त्याने झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि परत पायरीवर जाऊन बसला. दादाने पुढचा बोल्ट काढायला घेतला.